धाकलूचं बर्फावरचं एक मिनिट

दिग्गीजवळच्या वाडीतल्या धाकलूने अठ्ठेचाळीस वर्षांत बर्फ पाहिला होता तो बाजारात, माशांच्या पेटीत. त्याच बर्फावर पात्याचे बूट घालून टीव्हीत नाचायचं असं कुणी सांगितलं असतं, तर त्याने सांगणाऱ्याला आधी सावलीत बसवून पाणी पाजलं असतं.

लावणीआधी चिखल सपाट करताना धाकलू बैलांमागच्या फळीवर उभा राहतो, हे त्याच्या बायकोने, फुलाने, वीस वर्षं पाहिलं आणि कधी कौतुक केलं नाही. एका पर्यटकाने तेच मोबाईलवर टिपलं आणि लाखो लोक वेडे झाले. लगेच बेंगळूरच्या एका वाहिनीचा फोन आला: नामवंतांची बर्फावरची स्पर्धा आहे, तुम्हीही आता नामवंत आहात. धाकलू नकोच म्हणत होता. मग कळलं की पहिली फेरी पार करणाऱ्याला मनातलं बोलायला एक मिनिट मिळतं. ते मिनिट वाडीने तिथल्या तिथे साकवासाठी राखून ठेवलं. वाडीच्या ओढ्यावर साकव नव्हता. अर्ज करून लोक थकले होते, आणि गेल्या पावसाळ्यात फुलाचा भाऊ तापाने फणफणत, पाणी उतरायची वाट बघत काठावरच गेला होता.

शिकवायला श्वेता नावाची मुलगी होती. गुडघे वाकवा, अंग पुढे टाका, असं ती रोज सांगे. धाकलूचं अंग मागेच जाई. फळीवरचा माणूस पुढे झुकला तर बैलांच्या पायात जातो, हे तिला कोण सांगणार? महिनाभर तो आपटला, माकडहाड सुजलं. बरोबरचे नामवंत, म्हणजे जुन्या मालिकेतली एक सासू आणि कुणाचा तरी मेहुणा, पडले की कॅमेऱ्याकडे बघून हसायचे. धाकलूला हसणं परवडणारं नव्हतं. शेवटी त्याने दावं मागितलं.

"माज्याफुडं वढणारं कायतरी पायजे, बाय. त्याबिगर मला हुबं ऱ्हायला येत न्हाई."

फेरीच्या दिवशी दोन तरबेज पोरी दावं धरून पुढे निघाल्या आणि धाकलू मागे रेलून, बैलांना घालतात तसे हाकारे घालत असा सुसाट गेला की परीक्षक उभे राहिले. एकाला तर म्हणे मातीचा वास आला, बर्फातून.

मग ते मिनिट मिळालं. धाकलू साकवाबद्दल बोलला, फुलाच्या भावाबद्दल बोलला, पण रडला नाही. म्हणून वाहिनीने त्याच्या बोलण्यावर बासरी चढवली. वाडीतल्या लोकांना बासरी तेवढी स्वच्छ ऐकू आली.

पुढच्या फेरीत तो बाद झाला, तरी नाव झालंच. एका पुढाऱ्याने तालुक्याच्या गावी, जोयड्यात, सत्कार ठरवला. वाडीतच करा, ओढाही बघाल, असा धाकलूने निरोप धाडला. तिकडे गाडी जात नाही, असं उत्तर आलं. सत्काराच्या दिवशी ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता आणि सत्कारमूर्ती पलीकडे वाडीतच अडकली. कार्यक्रम मात्र अडला नाही. धाकलूचा मोठा फोटो खुर्चीवर ठेवून पुढाऱ्याने त्यालाच हार घातला, शाल पांघरली.

पाणी उतरल्यावर सत्काराचा फोटो छापलेलं वर्तमानपत्र वाडीत आलं. तो प्रकार बघून धाकलूला हसू फुटलं. फुलाने मात्र त्या छापलेल्या हारावर बोट ठेवलं.

"माज्या भावाच्या फोटोला आमी हार घातला," ती म्हणाली. "तुमच्या फोटोला त्येंनी घातला. दोनी बी ह्या वढ्यापायीच."