स्लोव्हाकिया आठ पानांत

स्टॅनस्टेड विमानतळावर, सिक्युरिटीच्या रांगेतच, माझ्या मुलीनं, सईनं, मला अट घातली.

"बाबा, तू लेक्चर द्यायचा नाही. आणि आर्टिकल पण नाही. आपण कॉमिक करतोय, ओके?"

नॉटिंगहॅमच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी दरवर्षी प्रवासवर्णन लिहितो. ते सई सोडून सगळे वाचतात; निदान भेटल्यावर तसं सांगतात तरी. सईचा जन्म इथलाच. मराठी बोलते, पण दोन ओळी वाचल्या की दमते. यंदा संपादक लीलाकाकूंनी मला आठ पानं दिली, तेव्हा मीच सईला म्हणालो, तू चित्रं काढ, मी शब्द देतो. सप्टेंबरात ती युनिव्हर्सिटीसाठी मँचेस्टरला जाणार होती. त्याआधी आम्हा दोघांच्या हातून मिळून एक तरी गोष्ट पुरी व्हावी, एवढीच माझी इच्छा. बायको म्हणाली, "जमलं तर मी पेढे वाटीन."

स्लोव्हाकियाच का, तर मंडळातल्या कुणी त्यावर अजून लिहिलं नव्हतं.

ब्रातिस्लाव्हात डॅन्यूबच्या वर एक चौकोनी, पांढराशुभ्र किल्ला आहे. मी त्याचा इतिहास सुरू केला आणि सईनं वही उघडली. थोड्या वेळानं मी डोकावून पाहिलं. कागदावर किल्ला नखाएवढा आणि त्याच्यासमोर एक भलंमोठं बोट.

"हे काय?"

"तू."

मी बोट खिशात घातलं.

तिथून पोप्राडपर्यंत चार-एक तासांची ट्रेन. बराच वेळ एक नदी सोबत करते, आणि मग सपाट शेतांच्या पलीकडे तात्रा पर्वत एकदम उभे राहतात. मधे टेकड्या वगैरे काही नाहीत. मी काहीतरी बोलणार होतो, पण सई खिडकीला नाक लावून बसली होती, म्हणून राहू दिलं. पुढं बसनं झ्द्यार नावाच्या गावी पोचलो. काळपट लाकडाची घरं, खिडक्यांभोवती पांढऱ्या रंगाची नक्षी. त्यातल्याच एका घरात मार्ताबाई पाहुण्यांना खोल्या देतात. साठीच्या, दणकट, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणाऱ्या. आम्ही सवयीनं दाराशीच बूट काढले, तर त्यांना कोण आनंद!

"इंग्लंडहून आलात आणि न सांगता बूट काढले!" असं म्हणत त्यांनी आम्हाला पापुचे (घरात घालायच्या सपाता) दिले. माझे दोन नंबरांनी लहान होते.

जेवायला हालुश्की (किसलेला बटाटा आणि पीठ मिसळून उकडलेले बारीक गोळे) आणि वर ब्रिंझा (मेंढीच्या दुधाचं मऊ, आंबूस चीज). यावर बेकन घालतात, पण आम्ही खात नाही म्हटल्यावर त्यांनी तळलेला कांदा घातला. पहिलं ताट मी मिटक्या मारत संपवलं आणि चाटूनपुसून साफ केलं. ताटात काही टाकायचं नाही, हे आईनं धपाटे घालून शिकवलेलं. मार्ताबाईंनी रिकामं ताट पाहिलं आणि पुन्हा भरलं. तेही मी संपवलं. त्यांनी पुन्हा वाढलं. सई ताटात दोन गोळे तसेच ठेवून मजेत चित्र काढत बसली होती.

"अगं, अन्न टाकू नये," मी धापा टाकत म्हणालो.

"तू खा, बाबा."

चौथ्या ताटानंतर मला खुर्चीतून उठवेना. मग सईनं सांगितलं, "आंटी मला मघाशीच म्हणाली. त्यांच्या घरी ताट रिकामा झाला की वाढतात. पुरे असेल तर थोडं ठेवायचं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू गप्प होतास. फर्स्ट टाइम. मला ते ड्रॉ करायचं होतं."

दुसऱ्या दिवशी धुकं होतं, आणि माझं पोट डोंगर चढण्याच्या अवस्थेत नव्हतं. सई एकटीच वर जाऊन आली. काय पाहिलं ते तिनं सांगितलं नाही, काढून दाखवलं.

घरी परतल्यावर सहा पानं झाली. त्यातली चार हालुश्कीची! मला राहवेना. किल्ला, नदी, राजेरजवाडे, सगळं मी पेन्सिलीनं संवादांच्या फुग्यांमध्ये कोंबलं. फुगे फुगत गेले आणि तिची शाईनं काढलेली चित्रं झाकली गेली. सई ते बघून रडवेली झाली.

"तू माझ्या चित्रांवर पण बोलतोस," ती म्हणाली. त्याच आठवड्यात ती मँचेस्टरला गेली. शेवटची दोन पानं कोरी राहिली.

लीलाकाकूंचा फोन आला. "अहो, पानं देताय ना? नाहीतर मी तिथं अनारशांची कृती टाकते."

रविवारी मी खोडरबर घेऊन बसलो. पहिला फुगा पुसताना जिवावर आलं. चौथ्या पानापर्यंत लक्षात आलं, की माझ्यावाचून गोष्टीचं काहीच अडत नव्हतं. वाईट वाटलं आणि हसूही आलं. पुढच्या शनिवारी पानं घेऊन मी मँचेस्टर गाठलं.

हॉस्टेलच्या किचनमध्ये सईनं खिचडी केली होती, तळाशी जराशी करपलेली. तिनं पानं चाळली.

"तुझा टेक्स्ट कुठे गेला?"

"पुसला."

तिनं माझ्यासमोर ताट ठेवलं, पेन्सिल घेतली आणि म्हणाली, "जेव. मी शेवटची दोन पानं करते. जास्त हलू नकोस."

मी जेवू लागलो. समोर सईची पेन्सिल चालली होती. ताटात दोन घास उरले, तेव्हा मला मार्ताबाई आठवल्या. हे घास ठेवले की झालं, परतीची तीनची ट्रेन मिळत होती.

मी दोन्ही घास खाल्ले आणि ताट बोटानं पुसून लख्ख केलं. सईनं मान वर केली. ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आणखी, बाबा?"

मी ताट पुढं केलं.