लांबच्या वाटेने पिनांग

माझी आणि तिची मैत्री स्मोक अलार्ममुळे झाली. कार्डिफच्या रोथ भागात आम्ही एकाच घरात भाड्याने राहायचो. मी हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर, ती त्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत. मी नागपूरची, ती मलेशियातल्या पिनांगची, चिनी घरातली. रविवारी सकाळी मी ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या की अलार्म बोंबलायचा, आणि संध्याकाळी ती सुक्या कोळंबीची वडी तव्यावर भाजायची तेव्हा पुन्हा एकदा. अलार्मखाली उभं राहून टॉवेल हलवणाऱ्या दोन बायका फार काळ परक्या राहू शकत नाहीत.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. फेब्रुवारी होता, पाऊस आडवा पडत होता, आणि आमचे कपडे चौथ्या दिवशीही रेडिएटरवर दमटच होते. ती सॉक्सची जोडी उलटी करत म्हणाली, "अॅन्युअल लीव्ह टाक. तुला माझी शहरं दाखवते. टूरिस्टांसारखी नाही, नीट दाखवते."

मला कुठे जायचं म्हटलं की आधी गाइडबुक लागतं, नकाशा लागतो, आणि त्यावर पेनाने खुणा करायला निदान आठवडाभर लागतो. मी हे सगळं यथासांग केलं. तिने एकदाही त्यात डोकावून पाहिलं नाही.

विमानात जेवणाचे ट्रे उचलून नेले तेव्हा तिने मला खरं काय ते सांगितलं. तिची आई ती शाळेत असतानाच गेली होती. वडिलांचं पिनांगमध्ये जुन्या पद्धतीचं कॉफीचं दुकान, संगमरवरी टेबलांचं. त्या कॉफीवर त्यांनी मुलीला फार्मसी शिकायला कार्डिफला पाठवलं. दुकानाचे दोन गाळे. एका गाळ्यात कॉफी, दुसरा त्यांनी इतकी वर्षं कुणालाही भाड्याने न देता बंद ठेवलेला. मुलगी परत येणार आणि तिथे केमिस्टचं दुकान टाकणार, म्हणून. आणि मुलीने तर गेल्याच महिन्यात कार्डिफमधली पर्मनंट पोस्ट घेतली होती. ती परत जाणार नव्हती. वडिलांना हे ठाऊक नव्हतं.

"फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही ही," ती म्हणाली. "आणि तू बरोबर असलीस की पप्पा ओरडणार नाहीत. पाहुण्यांसमोर आमच्याकडे कोणी ओरडत नाही."

"आमच्याकडेही नाही," मी म्हणाले. "पण पाहुणे गेल्यावर आमच्याकडे दुप्पट ओरडतात."

म्हणजे मी पाहुणी नव्हतेच, मी ढाल होते. मला राग आला. पण हजारो फूट उंचावर राग आला तरी जाणार कुठे? शिवाय तिने मला खिडकीची सीट दिली होती. मी मोठ्या मनाने म्हटलं, "जात्यावर बसलं की ओवी सुचते. समोर गेलीस की शब्द आपोआप येतील." ही म्हण तिला इंग्रजीत समजावता समजावता खाली समुद्र दिसायला लागला.

क्वालालंपूरला उतरताना मी तिला बजावलं होतं की नागपूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक सांगू नये. विमानतळाच्या दारातून बाहेर पडले आणि काही पावलांतच माझी बोलती बंद झाली. आमचं ऊन भाजतं, हे ऊन उकडतं. इडलीच्या भांड्यात झाकण लावून बसवल्यासारखं वाटत होतं. ती मात्र कार्डिफमध्ये सदा खांदे आखडून चालणारी बाई, इथे एकदम मोकळी झाली. चालणंच बदललं तिचं. जरा झुलत, चपला फटकारत.

तिची शहर दाखवायची पद्धत अशी होती की नाव कशाचंच सांगायचं नाही. "जळक्या साखरेचा वास आला की डावीकडे," असं ती म्हणायची. नाहीतर, "ऊन पलीकडच्या फुटपाथवर गेलं की आपण अलीकडे." जुन्या दुकानांपुढे सलग छपराखालून चालायची ओसरी असते. तिच्यावरून सावली धरत ती मला गल्लीमागून गल्ली फिरवायची आणि मध्येच गचकन थांबून एखाद्या गाडीवर काहीतरी मागवायची. मी नकाशात आम्ही कुठे आहोत ते शोधेपर्यंत ताटली समोर आलेली असायची. ते दोन प्रसिद्ध जुळे मनोरे पाहायचेच, असा माझा हट्ट होता. तिने ते मला दाखवले, पण लांबून, नूडल्स खाताना, हातातल्या काड्या तिकडे करून. आणि खरं सांगते, त्या मनोऱ्यांपेक्षा नूडल्सच उजव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने बूथवरून वडिलांना फोन केला. परत आली ती हसत. "पप्पांना सांगितलं, आधी पाहुणीला मलाक्का दाखवून आणते."

मी गाइडबुक उघडलं. पिनांग वर, उत्तरेला. मलाक्का खाली, दक्षिणेला. म्हणजे बाईसाहेब घराकडे पाठ करून निघाल्या होत्या. आजचं मरण उद्यावर ढकलायचं तरी किती सुंदर शहरात! नदीकाठी जुनी घरं, कोरीव दारं, लाकडी खडावा विकणारं एक टीचभर दुकान. तिथे आम्ही बर्फाचा कीस, नारळाचं दूध, हिरव्या शेवया आणि ताडगुळाचा पाक असं एक प्रकरण खाल्लं. फालुद्याचा हा सावळा मावसभाऊ मला इतका आवडला की मरण आणखी एक दिवस ढकलायला माझी काहीच हरकत नव्हती. हरकत कसली, मीच म्हटलं, उद्याही राहू.

तिथून मात्र उत्तरेकडे निघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मध्ये इपोह लागलं. चहूकडे चुनखडीचे डोंगर आणि कॉफी तर अशी की मी गेली कित्येक वर्षं हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये जे पीत होते ते नेमकं काय होतं, हा प्रश्न पडावा. तिथे तिने फोन करायचाच टाळला. "उद्या करते," म्हणाली. आता माझा पारा चढला.

"लहान आहेस का तू? त्या माणसाने तुझ्यासाठी एक गाळा बंद ठेवलाय. तो रोज त्या कुलपाकडे बघत असेल आणि तू इथे मला मोड आलेले मूग खायला घालतेस!"

तिने ताटली माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "तू नागपूरला परत जाणार आहेस?"

"जाणार म्हणजे? जाणारच."

"कधी?"

मी मोड खाऊ लागले. ते फार चांगले होते, टपोरे, कोंबडीच्या रश्शातले. इपोहचं पाणी चांगलं म्हणून तिथले मोड असे होतात, असं ती सांगत राहिली आणि मी मान डोलावत राहिले.

पिनांगला आम्ही फेरीबोटीने पोचलो. दुकानात शिरलो तेव्हा तिचे वडील उभे होते. पांढरी बनियन, चट्ट्यापट्ट्याची चड्डी, खांद्यावर टॉवेल, हातात लांब नाकाची किटली. मुलगी कित्येक वर्षांनी आलेली, पण त्यांनी जवळ घेतलं नाही, काही नाही. फक्त विचारलं, "खाल्लं का?" उत्तराची वाट न बघता त्यांनी दोन टोस्ट निखाऱ्यावर टाकले आणि तिच्याकडे पाठ करून ते भाजत राहिले. टोस्ट भाजायला एवढा वेळ लागत नाही, हे मलाही कळत होतं.

मग मुलीने दाखवायचं शहर बापानेच मला दाखवलं. त्यांचं इंग्रजी शाळेतलं, जुनं, स्वच्छ. सकाळची गर्दी ओसरली की ते दुकान शेजाऱ्यावर सोपवायचे आणि आम्ही तिघं निघायचो. समुद्रात खांबांवर उभी असलेली घरं, उदबत्तीच्या धुराने काळी झालेली देवळं, आणि एका गल्लीत चक्क झेंडूच्या माळा आणि कढीपत्ता. तिथे थांबून ते मला म्हणाले, "हे तुझं. घे काही हवं तर." मी कढीपत्त्याची जुडी घेतली. प्रवासात त्या जुडीचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण नाही कसं म्हणणार?

मी त्यांना "अंकल" म्हणायचे. तिथे सगळेच म्हणतात. माझ्या तोंडात मात्र दर वेळी आधी "काका" यायचं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारचा गाळा उघडला. मला दाखवायला, तिला नाही. आत भिंतींना निळा रंग दिलेला, ताजा. काचेचं काउंटर. भिंतभर फळ्या, अगदी लेव्हलमध्ये मारलेल्या. "बाटल्या इथे," ते मला सांगत होते. "इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात ना? फ्रिज तिथे." मी हो म्हटलं. डॉक्टर असल्यामुळे माझं हो त्यांना महत्त्वाचं होतं. ती दारातच उभी राहून रस्त्याकडे पाहत होती. मला तिचा राग येत होता, तिची दया येत होती, आणि का कोण जाणे, आईला फोन करावासा वाटत होता.

ओवी काही सुचली नाही. जात्यावर बसून बसून आमचा निघायचा दिवस उजाडला.

सकाळची वेळ. सगळी टेबलं भरलेली. आमच्या बॅगा दाराशी. अंकल एका हातात किटली घेऊन उभे होते. ती "निघतो मग" असं काहीसं पुटपुटली. तिने सांगितलेलं नव्हतं आणि आता सांगणारही नव्हती, हे तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. ते पुन्हा कार्डिफसारखे आखडले होते. आता मी काय करावं? मी काहीच ठरवलं नव्हतं. लहानपणापासून जे करत आले तेच केलं. मोठ्या माणसाच्या घरून निघताना जे करतात ते. पुढे झाले, वाकले आणि त्यांच्या पायांना हात लावून नमस्कार केला.

अंकल दचकून मागे सरले. किटलीतली कॉफी फरशीवर सांडली. टेबलांवरची बोलणी थांबली. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि त्यांच्या भाषेत तिला भराभर काहीतरी विचारलं. चेहरा पार उतरलेला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं. "माझं काही चुकलं का?"

"आमच्याकडे असं रोज कोणी वाकत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "मुलगी वडिलांपुढे गुडघे टेकते ती लग्नाच्या दिवशी. हातात चहा घेऊन. घर सोडून जाताना. पप्पा विचारतायत, कोण चाललंय घर सोडून?"

"अगं, सांग त्यांना, आमच्याकडे हे कधीही करतात. परीक्षेला जाताना करतात, प्रवासाला निघताना..."

ती ऐकतच नव्हती. जवळच्या टेबलावर नुकतीच ठेवलेली कुणाची तरी कॉफी तिने उचलली, दोन्ही हातांत धरली, आणि त्या ओल्या फरशीवर जीन्समध्येच गुडघे टेकून बसली. कप वर धरून ती बोलू लागली. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. "कार्डिफ" तेवढं ऐकू आलं. दोनदा.

अंकलनी किटली खाली ठेवली. कप घेतला. लग्नात बापाने तो कप प्यायला म्हणजे जायला परवानगी दिली, हे तिने मला मागाहून सांगितलं, पण मला ते तेव्हाही दिसत होतं. कॉफी वाफाळत होती. ते थांबले नाहीत, फुंकरही घातली नाही. तळापर्यंत प्यायले.

मग मला कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाले, "साखर कमी आहे." थोड्या वेळाने शेजारच्या गाळ्याकडे बघत म्हणाले, "तिथे टेबलं टाकू. सकाळी लोकांना बसायला जागा नसते."

ती अजून खालीच होती, मान घालून.

"तू वाकलीस," ते मला म्हणाले, "तेव्हा मी काय करायचं होतं?"

"डोक्यावर हात ठेवायचा, अंकल."

"कुठला?"

"उजवा."

त्यांनी टॉवेलला हात पुसला. उलटसुलट, नीट. आणि मुलीच्या डोक्यावर ठेवला. आधी बोटंच टेकवली, मग अख्खा तळवा.

"आणि म्हणायचं काय?"

"काहीही चांगलं. तुमच्या मनात असेल ते."

ते त्यांच्या भाषेत बोलू लागले. हळू, खूप वेळ. कॉफी नेली म्हणून त्या टेबलावरच्या गिऱ्हाइकाने तक्रारही केली नाही.

बस समुद्रावरच्या पुलावर आली तेव्हा मी तिला विचारलं, "काय म्हणत होते गं एवढं?"

ती खिडकीबाहेर पाहत होती. "जेवत जा, म्हणाले."

"एवढंच? किती वेळ बोलत होते ते!"

"हो," ती म्हणाली. "तेच. पुन्हा पुन्हा."