फुलोऱ्यावर राहिलेला ताग

टोमॅटोवाल्याची बायको फटकळ होती. बाजारात एखादं गिऱ्हाईक टोमॅटो दाबून बघायला लागलं, की म्हणायची, "अहो, टोमॅटो आहे तो, दाराची घंटी नाही." गिऱ्हाईक हसायचं आणि चार टोमॅटो जास्तच घेऊन जायचं. टोमॅटोवाला स्वतः मात्र मुलखाचा अबोल. घरात बोलायची ती, ऐकायचा तो, आणि करायचा आपलंच.

खालच्या तुकड्यात तो वर्षानुवर्षं टोमॅटोच लावत आला होता. "जमिनीला जरा श्वास घेऊ द्या हो," ती कानीकपाळी ओरडायची. तो "बघू" म्हणायचा. त्या घरात "बघू"चा अर्थ "नाही" असाच होता.

मग एका हंगामात रोपं उभ्या उभ्या माना टाकायला लागली. उपटून पाहिलं, तर मुळांवर गाठीच गाठी. तो मटकन बांधावर बसला. तीही शेजारी बसली. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी ती बाई त्या दिवशी "मी सांगत होते" एवढंसुद्धा म्हणाली नाही.

"यंदा इथे विकायचं काही लावायचं नाही," ती म्हणाली. "हिरवळीचं खत करू. पेरायचं, वाढवायचं आणि कोवळं असतानाच मातीत गाडायचं."

"मग चवळी पेरू. शेंगा तरी मिळतील."

"सुटत नाही ना हाव? चवळीच्या मुळांनाही ह्याच गाठी होतात. धैंचा पाणथळ रानाला बरा. आपल्याला ताग. त्याच्या मुळांवर ही गाठी करणारी कीड पोसत नाही."

ताग पेरला. तो कमरेला लागला, तोवर तिनं अंगावर काढलेलं पोटातलं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. तिला शहरातल्या दवाखान्यात ठेवलं. लेक तिच्या उशाशी, हा शेतावर. रोज फोनवर तिचा पहिला प्रश्न तोच, "कळ्या दिसल्या का?"

"दिसल्या."

"मग फुलं उघडायला लागली की कापा हं. निबर झाला तर काड्या कुजत नाहीत."

फुलं उघडली. सगळा तुकडा पिवळाधमक झाला. तिचा भाऊ ट्रॅक्टर घेऊन दारात आला. "भावजी, फिरवू का आज?"

"थांब जरा. तिला घरी येऊन बघू दे एकदा."

मेहुण्यानं ट्रॅक्टर परत नेला.

त्या संध्याकाळी फोनवर तिचा आवाज अगदी खोल गेला होता. "गाडला का हो ताग?"

खरं सांगितलं तर ती जिवाला लावून घेईल, असं त्याला वाटलं. "गाडला," तो म्हणाला.

पलीकडे ती हसली. "बाई गं! आयुष्यात पहिल्यांदा ऐकलंत माझं."

ती घरी आली नाही. त्या संध्याकाळनंतर ती फारसं बोललीच नाही, आणि दवाखान्यातच गेली.

पुढे कितीतरी दिवस शेताकडे कोणी फिरकलं नाही. तागाच्या शेंगा वाळून वाजायला लागल्या. शेवटी मेहुण्यानं ट्रॅक्टर घातला, तर पात्यांना वाखाचे दोर गुंडाळले गेले. मग टोमॅटोवाल्यानं एकट्यानंच विळ्यानं तो दांडगा ताग कापला. काड्या मातीत न कुजता तशाच पडून राहिल्या, आणि वर लावलेला फ्लॉवर पिवळा पडून खुरटला.

एकदा जेवताना लेक सहज म्हणाली, "आई त्या दिवशी किती खूश होती, बाबा. नर्सला बोलावून सांगत होती, आमच्या ह्यांनी माझं ऐकलं म्हणून."

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. पाणी प्यायच्या निमित्तानं तो उठला तो परसात गेला. लेक मागोमाग आली, तर हा पाण्याच्या टाकीला कपाळ टेकून उभा, आणि खांदे गदगदत होते.

"मी गाडला नव्हता गं," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. लेकीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा ताग पेरला आणि पहिलं फूल दिसताच, कोणालाही न विचारता, आडवा करून मातीत गाडला. त्यावर लावलेल्या टोमॅटोचं एक रोप त्यानं मुद्दाम उपटलं, नळाखाली धुतलं. मुळं पांढरीशुभ्र, स्वच्छ. ती हातात धरून तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. आत कोणी नव्हतं.