दादाचा पंचम

माझा थोरला भाऊ पाटोद्याला राहतो आणि मी गेवराईला. तो गायन पार्टीत गायचा. एप्रिलात जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले की महिनाभर घरी थांबत नसे. आज चौसाळ्याला, उद्या आणखी कुठल्या वस्तीवर. घसा बसला की वहिनी ज्येष्ठमधाचा तुकडा हातावर ठेवायची आणि तो परत निघायचा. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. आमच्या दोघांच्या कामांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं घरात कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

गुणोत्तर शिकवताना ते सुचलं. मुलं वहीत 'तीनास दोन' लिहीत होती आणि चेहरे मात्र कोरडे होते. मला वाटलं, हे यांच्या कानावर घातलं तर? लॉकडाऊनमध्ये केलेला वर्गाचा ग्रूप फोनवर अजून जिवंत होता. मुलं आपापल्या गावात, दादा पाटोद्यात, मी इथं. रविवारी सकाळी सगळ्यांना एका पडद्यावर आणता येणार होतं.

दादाला फोन केला. तो हसला.

"गाण्यात कसलं गणित आलं बाई?"

"आहे रे. तू नुसती पेटी वाजव. बाकीचं मी सांगते."

"वाजवतो की. माझं काय जातंय!"

पहिल्या रविवारी पेटी ऐकूच आली नाही. दादा भाता हलवतोय, बोटं पट्ट्यांवर, आणि आवाज नाही. बोलला की मात्र स्वच्छ ऐकू यायचा. पुढच्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या संगणकाच्या सरांनी कारण शोधलं. एकसारखा लांब सूर आला की त्या ॲपला तो पंख्याचा किंवा मोटारीचा आवाज वाटतो आणि ते तो गाळून टाकतं. वहिनीनं दादाच्या फोनमध्ये ती सोय बंद केली आणि सूर आला.

मग काही रविवार फार चांगले गेले. माझ्या लॅपटॉपवर एक पान उघडलेलं असायचं. दादाचा सूर त्यात शिरला की एका सेकंदात किती कंपनं होतात त्याचा आकडा पडायचा, आणि तो मुलांना दिसायचा. सा वाजवला की एकशे चाळीसच्या आसपास. वरचा सा बरोबर दुप्पट. आणि पंचम वाजवला की दोनशे दहा. भागून बघा म्हटलं, तर एक मुलगी ओरडली, "मॅडम, दीड! दीड म्हणजे तीनास दोनच की!" ती उमापूरच्या बाजूची, शेळ्या राखता राखता बाभळीखाली बसून वर्गाला यायची. तिच्या आवाजामागं शेळ्या ओरडायच्या.

पुढं तिनंच विचारलं, "मॅडम, काका पेटी न वाजवता गायले तरी तेवढाच येईल का?"

चांगला प्रश्न होता. गणिताच्या मास्तरणीला असा प्रश्न वर्षात एखादाच मिळतो. मी मोठ्या उत्साहानं दादाला म्हटलं, "दादा, आता पेटी बाजूला ठेव आणि नुसता गा."

त्यानं डोळे मिटून सा लावला. एकशे चाळीस. मग पंचम. दोनशे दोन.

मला वाटलं, नेटवर्क हललं असेल. "परत एकदा."

दोनशे दोन. मग दोनशे एक.

"मॅडम, दोनशे दहा येत न्हाई," ती मुलगी म्हणाली.

"लेकरं काय म्हणतेत?" दादानं विचारलं. मुलीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला होता. त्याला आला नव्हता.

"काही नाही, नेट जरा खराब आहे."

"मग जोरात गातो," म्हणून तो जोरात गायला. आकडा तिथंच. कुठल्याशा मुलानं माइक चालू ठेवून म्हटलं, "काकाचा सूर चुकला बे," आणि दोघं-तिघं हसली. दादाही हसला, काय झालं ते न कळता, लेकरं हसली म्हणून. तेवढ्यात पडद्यावर वहिनीचा हात आला आणि त्यांचा फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून पाटोद्याला गेले. दादा शेताकडं गेला होता. वहिनी चुलीपाशी बसली होती.

"ताई, मला ठावं होतं," ती म्हणाली. "कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी ह्यांना कळत न्हाई. पार्टीतली माणसं बी आपसात बोलायची. तोंडावर कोन बोलंल?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? लई खुशीत होते. रविवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून बसायचे."

दादा आला तेव्हा मी त्याला सरळ सांगितलं. आधी म्हणाला, यंत्र खोटं बोलत असंल. मग पेटी काढली. पंचम धरला, आपला सूर लावला, थांबला, डावा कान पेटीजवळ नेला, मग उजवा. बराच वेळ तसंच करत राहिला.

"ह्या कानाला येक लागतोय आन् ह्या कानाला दुसराच," तो म्हणाला. "मला वाटलं पेटी उतरली. दुरुस्तीला टाकनार होतो."

बीडला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि विचारलं, काम काय करता. गायनाचं ऐकल्यावर म्हणाले, स्पीकरच्या भिंतीपुढं उभं राहून इतकी वर्षं काढली की असं होतं. आतल्या नसा गेल्यात, त्या परत येत नाहीत. मशीन लावलं तर बोलणं कळेल.

मशीन लावलं. बोलणं कळायला लागलं. घरी येऊन त्यानं पेटी उघडली, एक सूर वाजवला आणि लगेच झाकण लावलं. "पत्र्यावर खडे पडल्यावानी वाजतंय."

मी हार मानत नव्हते. मला वाटलं, कान नाही तर डोळे आहेत. त्याच्याच फोनवर ते पान उघडून दिलं. म्हटलं, आकडा बघत गा, कमी दिसला की चढव. तो माझ्या समाधानासाठी बसला. दोनशे दोन, दोनशे सहा, आणि कपाळावर आठ्या घालत हळूहळू दोनशे दहा. त्यानं तो सूर धरून ठेवला. लहानपणी ऐकलेला तोच, भरीव आवाज.

"आलं का?" त्यानं विचारलं.

"आलं, दादा. अगदी बरोबर."

"मला न्हाई आलं," तो म्हणाला, आणि फोन माझ्या हातात दिला.

त्यानंतर तो वर्गाला आला नाही. मी संगणकावर तयार केलेले सूर वाजवून शिकवायचा प्रयत्न केला. आकडे चुकत नव्हते, दशांशापर्यंत जुळत होते. पण एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ह्याला गानं म्हंत्यात व्हय?" रविवारी पडद्यावरचे चौकोन कमी होत गेले. शेळ्या राखणारी मुलगी शेवटपर्यंत यायची. एकदा तिनं विचारलं, "काका कवा येनार?" मी म्हटलं, "आता नाही येणार." पुढं तीही दिसेनाशी झाली. तिच्या बापाचा फोन होता, तो कामावर घेऊन जायला लागला, एवढंच समजलं. नंतर शाळेनं परीक्षेच्या तयारीचं तयार ॲप घेतलं आणि रविवारचा वेळ त्याला गेला. कुणी माझा वर्ग बंद करा असं म्हटलं नाही. म्हणावं लागलंच नाही.

एप्रिलात पार्टीनं दुसरा गायक घेतला. दादाला मानानं बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं. तो कार्यक्रमाच्या मधूनच उठून आला. वहिनी सांगत होती, विहारात वंदनेलाही आता मागं उभा राहतो आणि ओठ नुसते हलवतो.

मागच्या महिन्यात जाऊन आले. तो दारात खाटेवर बसला होता. मशीन खिशात. मी समोर बसून सावकाश, तोंड उघडून बोलत होते, तो माझ्या ओठांकडं बघत होता. शेजारच्या लग्नाची गाडी गाणी लावून गेली. मी वळून पाहिलं, त्यानं नाही.

"तुज्या शाळंचं काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"चाललंय. पोरांना वर्गमूळ शिकवतेय."

"बरं हाय," तो म्हणाला. मग त्यानं सोयाबीनचं सांगितलं, विहिरीच्या पाण्याचं सांगितलं. मी वहिनीच्या हातची भाकरी खाल्ली आणि उजेड होता तोवर परतीची बीडची गाडी धरली.