निम्म्या वाट्याचे पेकान

पेकान-जत्रेच्या आदल्या दिवशी ऑर्फा टीग माझ्या दुकानात येऊन सालीसकट पेकानची, म्हणजे आमच्याकडच्या त्या अक्रोडाच्या भावंडांची, मोठी पिशवी मागू लागली, तेव्हाच मी कान टवकारले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दूर डॅलसला, घरातला ओव्हन कधीचा बिघडलेला. एकट्या तोंडाला इतके पेकान कशाला?

"अंगणात झाड असून विकत घेता, मिस ऑर्फा?" मी विचारलं. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, 'मिस'च म्हणतात.

"यंदा रुसलंय मेलं. एक दाणा धरला नाही."

यात नवल नव्हतं. आमच्या नदीकाठची गावठी झाडं एक वर्ष लगडतात, दुसऱ्या वर्षी चक्क हात वर करतात. मी पिशवी दिली.

जत्रेच्या सकाळी माझ्या घराच्या खिडकीतून शेजारी तिच्या अंगणात बघते तर काय, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी ही बाई झाडाखाली पेकान टाकतेय! वर पायानं पाला सारतेय. म्हातारीचं डोकं फिरलं, म्हटलं. मग उमगलं, आज डेल्फिनो येणार.

डेल्फिनो आरांबिदे नदीकडच्या पेकानच्या मोठ्या बागेत कामाला. जत्रेला बाग बंद, म्हणून त्या दिवशी तो ऑर्फाच्या झाडाचे पेकान निम्म्या वाट्यानं वेचायचा. वेचणाऱ्याला निम्मे, झाडवालीला निम्मे. वाटणी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कॉफी पीत, गप्पा मारत. त्या घरातल्या दुसऱ्या खुर्चीवर वर्षभरात आणखी कुणी बसत असेल, असं मला वाटत नाही. मागे झाड रुसलं होतं तेव्हा तो फाटकातूनच वर बघून, हात हलवून निघून गेला होता. ते तिच्या जिवाला फार लागलं होतं.

चौकात बँड सुरू झाला आणि डेल्फिनो बादली घेऊन आला. एक पेकान उचलून त्यानं तळहातावर फिरवला. ऑर्फाच्या झाडाचे पेकान बोराएवढे, गोल. हे लांबट, पातळ सालीचे, बागेतले. आंधळ्यालाही कळलं असतं. त्यानं रिकाम्या फांद्यांकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या पडद्याकडे. आणि गुडघे टेकून वेचायला बसला. पाल्याखालचेसुद्धा सोडले नाहीत.

मला घरात राहवेना. जत्रेसाठी केलेल्या पेकानच्या वड्या बशीत घातल्या आणि मागच्या दारानं तिच्याकडे गेले. वाटणी चालली होती.

"झाडानं कमाल केली यंदा," डेल्फिनो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

ऑर्फा कानापर्यंत लाल झाली. पेकानची भरली मूठ तिनं तशीच धरून ठेवली. त्यानं बादली बाजूला सारली.

"मिस ऑर्फा, पुन्हा विकत आणून टाकू नका हो. झाड रुसलं तर रुसू दे. मी नुसता येईन."

"नुसता?" तिला ते खरंच कळलं नाही. "नुसतं येऊन काय करणार?"

"बसेन. कॉफी पिईन."

"काहीतरीच! नुसतं कुणी कुणाकडे येतं का?" तिनं दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं. आवाजात राग नव्हता, ती साधी माहिती देत होती. "हीच बघ ना. भिंतीला भिंत लागून राहते. हीसुद्धा बशी घेऊनच आली."