खिळे किती, ते सांगा

खिळ्यांबद्दल मला कोणी काही शिकवू नये. झाडात खिळा कोण ठोकतं, कशासाठी ठोकतं आणि मग त्याबद्दल तोंड कसं मिटून बसतं, हे सगळं मला पाठ आहे. माझी मोठी जाऊ भागीरथा, तिच्या उजव्या हाताची दोन बोटं असल्या मिटलेल्या तोंडापायी गेली. लोक म्हणतात, नशीब. नशिबाला कशाला मध्ये ओढता? नावगाव असलेल्या माणसांनी केलेली गोष्ट आहे ती, आणि त्या माणसांत मीसुद्धा आहे.

आम्ही नागपूरच्या तांडापेठेतले कोष्टी. घरात दोन हातमाग होते, नऊवारी लुगडी निघायची. पॉवरलूमनं लुगडं स्वस्त केलं आणि आमचे माग नुसते जागा अडवून बसले. गल्लीतल्या कोणी रिक्षा धरली, कोणी पानठेला टाकला. माझे थोरले दीर श्रावणभाऊजी यांनी मात्र दोन्ही माग विकले, आणि सदुसष्ट साली एक जुनं डिझेल इंजिन, तीन फुटांचा गोल आरा आणि लोखंडी चौकट असं सगळं एका बैलगाडीवर चढवलं. अख्खी आरामशीन चाकांवर! गावात झाड पडलं तर त्याचे ओंडके शहरातल्या मिलवर नेताना माणसाचा जीव जायचा. आमची मिलच झाडापाशी जायची. इंजिन उतरवायचं, पट्टा चढवायचा, दोन रुळांवरच्या ढकलगाडीत ओंडका बसवायचा आणि आऱ्यावर ढकलायचा. सागवानाच्या वाट्याला आम्ही गेलो नाही, त्याला जंगलखात्याचे शिक्के लागतात. कडुनिंब, आंबा, बाभूळ, एवढंच आमचं.

सगळी तांडापेठ हसली. कोष्ट्याच्या हातात धोटा शोभतो, आरा शोभत नाही, असं तोंडावर म्हणणारेही होते. त्याच हसणाऱ्यांच्या घरी पुढे आमच्या भुशावर शेगड्या पेटल्या, पण ते सोडा.

धंदा नावाला भाऊजींचा होता. डोकं भागीरथाबाईचं. मागावर तुटलेला धागा सांधायला तिच्यासारखे हात गल्लीत नव्हते. पहिलं बोट आणि मधलं बोट, नुसतं फिरल्यासारखं व्हायचं आणि गाठ बसलेली असायची. तीच नजर तिनं लाकडावर आणली. मागाचं उरलेलं सूत पिळून तिनं दोरी केली होती. ती गेरूच्या पाण्यात बुडवायची, ओंडक्यावर ताणायची आणि त्या दोन बोटांनी उचलून सोडायची. लाल रेघ उमटायची, आणि त्या रेघेवरून निघालेली फळी दुसऱ्या कोणाला रंधून सरळ करावी लागत नसे. भाऊजी ओंडका ढकलत, ती पलीकडून फळी ओढून घेई. मी भुसा पोत्यात भरायची आणि सांगितलेलं काम करायची.

एक नियम तिनं घालून दिला होता. खेड्यातल्या झाडात लोखंड असतंच. कोणाचं लेकरू आजारी पडलं, कोणाला काही बाधलं, की जाणता माणूस मंतरलेला खिळा देतो आणि तो घरच्या झाडात ठोकतात. दहा वर्षांत साल वरून मिटते आणि वरून काहीच दिसत नाही. घरच्या गडीमाणसांना यातलं ठाऊक नसतं, ते नुसते हो-नाही करतात. म्हणून पहिली चीर घालण्याआधी आमच्यातल्या एका बाईनं आत जायचं आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारायचं. तिचं उत्तर आल्याशिवाय इंजिनला हँडल लागत नसे. सात वर्षांत आमच्या आऱ्याचा एक दात मोडला नव्हता.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सावनेरकडच्या गोपाळरावांचं बोलावणं आलं. मोठं घर, संत्र्याचे बगीचे. नागपूरला प्रताप नगरात ते बंगला बांधत होते आणि त्याच्या चौकटी त्यांना घरामागच्या कडुनिंबाच्याच हव्या होत्या. झाड आधीच पाडून ठेवलं होतं. भागीरथाबाई रेघा मारायला बसली आणि मला म्हणाली, तू जाऊन विचारून ये.

मी गेले. गोपाळरावांची आई तुळजाबाई माजघरात बसली होती. तिनं मला खुर्ची दिली आणि कपबशीत चहा आणवला. आम्हाला लोक पडवीत, फार तर पितळीत चहा देत, आणि इथे कपबशी होती. मी विचारलं. शेजारी तिचा नातू अनंत, बाराएक वर्षांचा, खाटेवर झोपला होता. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग हात त्याच्या पायावर ठेवला.

"काही नाही वं," ती म्हणाली. "आमच्या झाडाले कोणी हातबी लावत नाही."

मी तो हात पाहिला होता. ते पाहणं पाहिलं होतं. पुन्हा एकदा विचारायला काय जात होतं माझं? पण एवढ्या मोठ्या घरची बाई, तिनं खुर्चीवर बसवलेलं, आणि मी तिला खोटं पाडू? मी चहा प्यायले. बाहेर आले आणि साफ आहे म्हणून सांगितलं.

तिसऱ्या फळीला आरा किंचाळला. ओंडका उसळून मागे आला, फळी उलटी फिरली आणि तिच्याबरोबर भागीरथाबाईचा हात आऱ्यावर गेला. भाऊजींनी पट्टा पाडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेच पहिलं बोट आणि तेच मधलं. तिनं हात पदरात गुंडाळला आणि खाली बसली. ओरडले ती मी.

फाटलेल्या लाकडात वीतभर खिळा होता. त्याच्या माथ्याशी काळ्या दोऱ्याचा वेढा अजून शाबूत होता.

गोपाळराव धावत आले. रक्त पाहिलं, खिळा पाहिला, आणि भाऊजींना म्हणाले, "बाईमाणसाले मशीनवर काहून उभी केली गा?"

हे पहिलं वाक्य. अजून आठवलं की माझ्या कानशिलावरची शीर उडते. खिळ्याबद्दल एक अक्षर नाही, त्या माणसाचं नाही आणि त्याच्या आईचंही नाही. आम्ही तिला बैलगाडीत घातलं तेव्हा म्हातारी दारात उभी होती, नातवाला पोटाशी धरून, आमच्याकडे पाठ करून.

पुढे बाजारात, लग्नकार्यात, जिथे बसतील तिथे गोपाळरावांनी सांगितलं की श्रावणची मशीन अपशकुनी आहे, घरच्याच बाईला खाल्लं तिनं. लोकांनीही ऐकलं. त्यांना काय, फुकटची गोष्ट. वर्षभर आमच्याकडे कोणी आलं नाही. इंजिनवर कोंबड्या बसायला लागल्या. भाऊजी रोज सकाळी कानस घेऊन नव्या आऱ्याचे दात घासत, आणि त्या आऱ्याला घासायला काही उरलंच नव्हतं. मी कितीदा तरी भागीरथाबाईला म्हटलं, मारा मला, शिव्या तरी द्या. तिनं दिल्या नाहीत. ती अंगठा आणि तिसरं बोट घेऊन गेरूची दोरी उचलायला शिकत होती. जमिनीवर, भिंतीवर, माझ्या पाटावर लाल रेघा. आधी वाकड्या, मग कमी वाकड्या.

एक दिवस ती म्हणाली, आता विचारायला मीच जात जाईन. आणि एसटीनं एकटी निघाली, मशीन न घेता. कोणाकडे झाड पडल्याचं कळलं की त्या घरी जायची, म्हाताऱ्या बाईपुढे बसायची आणि उजवा हात तिच्यापुढे जमिनीवर ठेवायची. मी दुसऱ्या खेपेपासून तिच्याबरोबर गेले, म्हणून मला ठाऊक आहे. ती फार बोलत नसे. हे असं होते, आता सांगा, एवढंच. बाया त्या हाताकडे बघत आणि सांगत. कोणी घोड्याची नाल सांगितली, कोणी चार खिळे, कोणी सवतीसाठी ठोकलेलं कायबाय. आजवर नवऱ्याला न सांगितलेलंही सांगत. भाऊजी पटाशीनं सगळं लोखंड काढत आणि मग आरा चाले. दोन वर्षांत आम्हाला पुन्हा दम खायला फुरसत उरली नाही.

एकोणऐंशी साली गोपाळराव स्वतः तांडापेठेत आले. फटफटी गल्लीच्या तोंडाशी लावून आमच्या दारापर्यंत पायी आले. त्यांच्याकडचा दुसरा कडुनिंब वादळात पडला होता आणि घराच्या अंगावर आडवा होता. शहरातल्या एकाही मिलला त्यांचं लाकूड नको होतं. खिळ्याची गोष्ट तिथवर पोचली होती, आणि आरा कोणाला फुकट येत नाही. भाऊजींनी नाही म्हणून सांगितलं. मी बरंच काही सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भागीरथाबाई म्हणाली, येतो. मी तिच्याशी तिथेच भांडले, त्यांच्यादेखत. पाच वर्षांत ती माझ्यावर पहिल्यांदा चिडली. म्हणाली, "आपण नाही गेलो तं कोणी दुसरा गरीब जाईल. त्याचा हात जाईल. गप राय आता, जना."

तेच माजघर होतं. म्हातारी आता खाटेवर होती. अनंत दारात उभा होता, सतरा वर्षांचा, मिशी फुटलेला, धडधाकट. भागीरथाबाई खाली बसली आणि खाटेच्या काठावर, म्हातारीच्या हाताशेजारी, आपला हात ठेवला.

तुळजाबाई बघत राहिली आणि मग तिला रडू फुटलं. रडत रडत सगळं बाहेर आलं. अनंतला लहानपणी फेफरं येई, म्हणून तिनं दोन्ही कडुनिंबांत खिळे ठोकवले होते. खिळा देणाऱ्यानं बजावलं होतं, बोलून दाखवलंस तर बांधलेलं सुटेल आणि पोराला परत धरेल. खिळा लाकडात राहील, लाकूड चौकटीत राहील, पोरगा त्या घरात राहील, असा तिचा हिशेब. पण पहिलं झाड कापायच्या आदल्या दिवशी तिला राहवलं नाही म्हणून तिनं लेकाला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, मशीनला काय होतं एका खिळ्यानं, गप बस.

गोपाळराव दारातच होते. त्यांनी मान खाली घातली. एवढंच. पाच वर्षं दुसऱ्याला अपशकुनी म्हणायला त्यांची मान ताठ होती.

म्हातारी हुंदके देत होती, माफ कर म्हणत होती. मला वाटलं, आता आमची बाईही रडेल, आणि दोघी गळ्यात पडतील, आणि सगळं गोड होईल. लोकांना तेच आवडतं.

"रडू नका, आजी," भागीरथाबाई म्हणाली. "त्या झाडात खिळे किती, ते सांगा."

म्हातारीनं अनंतकडे पाहिलं. मग भागीरथाबाईच्या हाताकडे.

"तीन," ती म्हणाली. "दोन खाली. एक वर, बेचक्यात."

भाऊजींनी तिन्ही काढले. अनंतला काही झालं नाही. फळ्या उचलायला तोच पुढे होता. भागीरथाबाईनं रेघा मारल्या, सरळ, आणि दिवस मावळायच्या आत चार ओंडके फळ्या होऊन पडले. निघताना तिनं खिळे मला दिले आणि म्हातारीला नेऊन द्यायला सांगितले. मी ते तिच्या मांडीवर ठेवले. तिनं कोणाला तरी हाक मारली.

चहा आला, कपबशीत. साय धरेपर्यंत मी त्याच्यासमोर बसून राहिले आणि मग तसाच ठेवून उठले.