कठडा सोडायचा नाही

तिला सगळे कोपरवाली म्हणत. नाव चिडवण्यापुरतं नव्हतं, तिनं ते कमावलं होतं. इस्पितळाच्या धुलाईघरात ती कामाला होती. पाणी पिऊन जड झालेल्या चादरींचे गुंते यंत्राच्या तोंडातून ओढून काढायचे, गाडीत लोटायचे आणि ती गाडी ढकलत वाळवणीच्या खोलीत न्यायची, हे वर्षानुवर्षं केल्यानं तिचे दंड असे झाले होते की लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवऱ्यानं तिच्यावर हात उगारला तेव्हा तिनं तो मनगटातच मोडला. प्लास्टर घालून तो आईकडे गेला तो गेलाच. हिनंही बोलावणं धाडलं नाही. घरात एक ताट कमी लागतं एवढाच फरक पडला, असं ती सांगायची, आणि ते खरंही होतं.

राग मात्र कुठे जाणार? तो वर्षभर तिच्या नाकावर असायचा. कधी मुकादमावर निघायचा, कधी शेजारणीवर, कधी न उघडणाऱ्या खिडकीवर. त्याला खरी वाट मिळायची ती वर्षातून एकदाच. शहराबाहेरच्या मोठ्या मैदानावर संगीताचा महोत्सव भरायचा. कानठळ्या बसवणारे ढोल, किंचाळणारी गिटार, आणि त्यापुढे हजारो माणसं एकमेकांच्या अंगावर. स्टेजपुढच्या लोखंडी कठड्याला पोट लावून उभं राहायचं आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत तो सोडायचा नाही, हे तिचं व्रत होतं. त्या कठड्यासाठी तिनं लोकांच्या बरगड्या शेकल्या होत्या, एकाचे दोन दात हलवले होते, आणि स्वतःच्या भुवईवर चार टाके घालून घेतले होते. त्या टाक्यांचा तिला दागिन्यासारखा अभिमान होता.

याच वेडाचे आणखी दोघे तिला भेटले होते, चित्रकलेचे मास्तर आणि न्हावी. महोत्सव जवळ आला की रविवारी दुपारी न्हाव्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं. मास्तर खडू घेऊन जमिनीवर उकिडवे बसायचे आणि मैदान काढायचे. यंदा कोपरवालीबरोबर तिची भाचीही आली होती, भावाची मुलगी. एकोणीस वर्षांची, चपलांच्या दुकानात काम करणारी. ती गिऱ्हाइकांच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.

"यंदा मेन स्टेज खाली नेलंय," मास्तर म्हणाले. "हा बघा उतार. फाटक वर, स्टेज पायथ्याशी. आणि स्टेजमधून ही जीभ काढलीय गर्दीत, गाणाऱ्याला चालत यायला."

"माझे केस तुमच्या स्टेजवर पडलेत, ते आधी झाडू द्या," न्हावी म्हणाला.

"तुझे कुठले? गिऱ्हाइकाचे. तुझ्या डोक्यावर आहेत कुठे?"

कोपरवाली नकाशावर वाकली. "जीभ बाहेर आली म्हणजे दोन्ही बाजूंना बेचकं झालं. समोर कठडा, बाजूला कठडा."

"तेच तर. फाटक्या शेवटच्या गाण्याला जिभेच्या कडेवर बसतो. बेचक्यात उभं राहिलं तर त्याचा घाम अंगावर उडेल."

फाटक्या म्हणजे त्यांच्या लाडक्या बँडचा गायक. आवाज फाटका म्हणून नाव फाटक्या. न्हाव्याच्या मते त्याच्या घशात आता काही उरलं नव्हतं आणि बँड चालत होता तो ढोलवाल्यामुळे. मास्तरांना हे ऐकवत नसे. फाटक्या गात नाही, तो ओरबाडतो, आणि ओरबाडायला घसा लागत नाही, हिंमत लागते, असं त्यांचं म्हणणं. यावर दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी कोपरवालीनं दोघांनाही गप्प केलं.

"बेचक्यात गर्दी साचणार पण," भाची हळूच म्हणाली. "वरून सगळे पळत आले तर मधल्यांनी जायचं कुठे?"

तिघांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. नवशिक्यानं शहाणपणाचं काही विचारलं की पाहतात तसं. "कुठे जायचं नसतं," कोपरवाली म्हणाली. "उभं राहायचं असतं."

मग तिनं भाचीला गळक्यांबद्दल सांगितलं. गळके म्हणजे चक्कर आल्याचं सोंग करणारे. उशिरा यायचं, मागून खांद्यावर मान टाकायची, जीव घाबरा होतोय म्हणायचं. भोळं माणूस जागा देतं, आणि कठड्याला हात लागला की गळक्याला एकदम तरतरी येते. कोपरवालीनं एकदा एका बाईला अशी जागा दिली होती. ती बाई पुढे संध्याकाळभर हिच्याकडे पाठ करून नाचली. तेव्हापासून या तिघांचा नियम ठरला होता. मागून कोणी काहीही म्हणो, वळून बघायचं नाही. कोपर खाली घ्यायचं, शेवटच्या बरगडीवर घालायचं.

"बघितलंस की दया येते," कोपरवाली म्हणाली. "म्हणून बघायचंच नाही."

भाचीला न्यायचं हे तिनं मनावर घेतलं होतं, त्याला कारण होतं. पोरगी फार मऊ होती. दुकानात गिऱ्हाइकं तिच्या अंगावर चपला फेकायची, मॅनेजर जाता-येता पाठीवरून हात फिरवायचा, आणि ही घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडायची. भाऊ म्हणाला होता, "ताई, ने तिला, पण तुझ्यासारखी करू नकोस."

"माझ्यासारखी झाली तर कोणाची हात लावायची टाप नाही," तिनं सुनावलं होतं.

मुलगी धड परत आण, एवढंच भाऊ म्हणाला. मग तिनं भाचीला धुलाईघराच्या मागच्या अंगणात नेलं आणि ओल्या चादरींच्या बोचक्यावर कोपर घालायला शिकवलं. पहिल्या दिवशी पोरगी हसत होती. नंतर नंतर ती हसेनाशी झाली आणि बोचकं हलायला लागलं.

महोत्सवाच्या दिवशी फाटक उघडताच चौघं उतारावरून सुसाट सुटली. मास्तर वाटेत घसरले आणि मागेच राहिले, पण बेचकं हाती लागलं. कठड्याला आत्या, तिच्या शेजारी भाची, त्यांच्या पाठीशी न्हावी. दुपारचं ऊन डोक्यावर. पहिल्या दोन बँडांना कोणी फारसं विचारलं नाही. तिसऱ्याच्या वेळी एका उघड्या अंगाच्या बाप्यानं भाचीचे केस धरून तिला मागे ओढलं. कोपरवालीनं त्याच्या नाकावर कपाळ आपटलं. रक्ताची धार त्याच्या हनुवटीवरून छातीवर आली, तरी तो हसत होता. मग भाचीनंच त्याला कोपर घातलं. तो पोट धरून वाकला, गर्दीनं त्याला गिळलं, आणि भाचीचे डोळे असे चमकले की आत्याला गहिवरून आलं.

फाटक्या स्टेजवर आला आणि वरून अख्खा उतार खाली सुटला. पाठीवर भिंत पडावी तशी माणसं येऊन आदळली. कठड्याचा गज कोपरवालीच्या पोटात रुतला आणि तोंडात आंबट पाणी आलं. लाट मागे हटायची, पुन्हा यायची. कोणाचा तरी दात तिच्या मानेत घुसला. पायाखाली मऊ काहीतरी होतं, ते पाऊल असावं अशी तिनं मनाची समजूत घातली. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला माणसं एकमेकांत ठोकली जात होती. बाजूला ओरडणाऱ्यांची तोंडं दिसत होती, आवाज नव्हता. आणि खरं सांगायचं तर, तिला मजा येत होती. तिचं रक्त असं वर्षातून एकदाच उसळायचं.

शेजारी भाचीच्या खांद्यावर मागून एक हात आला. बाईचा हात, नखं खुडलेली. भाचीनं मान किंचित वळवून काहीतरी म्हटलं आणि कोपर खाली घेऊन घातलं. एकदा. हात सुटला नाही. दुसऱ्यांदा तिनं असं घातलं की आत्यालाही तो दणका जाणवला. हात सुटला.

"आत्या, जमलं," भाची तिच्या कानात ओरडली.

कोपरवाली तिच्याकडे बघून हसली, आणि हसता हसता तिची नजर भाचीच्या खांद्यावरून मागे गेली. आपला नियम तिनं मोडला तो असा, ठरवून नव्हे. मागची पोरगी भाचीच्याच वयाची होती. ती उभी होती कारण पडायला जागा नव्हती. ओठ जांभळे, डोळे उघडे, आणि मान प्रत्येक धक्क्याला हवी तिकडे जात होती. इस्पितळात इतकी वर्षं काढल्यावर सोंग कोणतं आणि खरं कोणतं हे सांगायला तिला डॉक्टर लागत नव्हता.

तिनं कठडा सोडला. मागे वळायलाच तिला तीन माणसं मारावी लागली. पहिलं कोपर न्हाव्याच्या नाकावर बसलं, हाड मोडल्याचं तिला कळलं, आणि ती थांबली नाही. एकाचा कान पिरगळला, एकाच्या गुडघ्यावर टाच दिली. पोरीच्या काखेत हात घालून तिनं तिला ओल्या चादरीच्या गुंत्यासारखं उपसलं आणि डोक्यावरून कठड्यापलीकडच्या पहारेकऱ्यांच्या हातात फेकलं. फेकलंच, दुसरा शब्द नाही.

तेवढ्या वेळात भाचीनं दोन्ही हात फाकवून कठड्याचे दोन गज पकडले होते. कोणालाही आत घुसू देत नव्हती. "ये लवकर, आत्या," ती ओरडत होती. "तुझी जागा धरलीय."

ती पोरगी संध्याकाळी वारली. फाटक्यानं शेवटचं गाणं म्हटलंच नाही. घरी जाताना भाचीनं एकदाच विचारलं, "ती गळकी नव्हती?"

"तुझा काही संबंध नाही," आत्या म्हणाली. "तू कोणाला मारलं नाहीस. कोणी विचारलं तर तोंडाला कुलूप."

आयुष्यात पहिल्यांदा ती घाबरली होती. स्वतःसाठी नव्हे. भावाला तिनं मुलगी धड परत आणून दिली होती, हातपाय शाबूत, पण पोरगी जेवेना, कोणाशी बोलेना, आणि कामावर गेली तरी उजवं कोपर डाव्या हातात धरून उभी राही. या पोरीच्या माथी हे कायमचं बसलं तर? एवढा एकच प्रश्न कोपरवालीला छळत होता, आणि तो ती कोणाला विचारू शकत नव्हती.

पुढच्या रविवारी चौघं दुकानात जमली. न्हाव्याचं नाक पट्टीत होतं. मास्तरांनी पुन्हा मैदान काढलं. दोष उताराचा, असं त्यांचं मत पडलं. जीभ काढली नसती तर बेचकं झालं नसतं. न्हावी म्हणाला, फाटक एकच का ठेवलं. दोघं खडूच्या रेघा पुसत होते, नव्या ओढत होते, आणि त्या रेघांत माणूस एकही नव्हतं. कोपरवालीला तो खडू त्यांच्या घशात कोंबावासा वाटत होता.

इतक्यात शटरखालून वाकून एक माणूस आत आला. छपरावर पत्रे ठोकणारा असावा, हातांवर कापल्याचे जुने वण होते. खडूचं मैदान त्यानं बघितलं आणि मुद्दाम त्याला वळसा घालून पुढे आला.

"मोबाईलवर तो व्हिडिओ सगळीकडे फिरतोय," तो कोपरवालीला म्हणाला. "धुलाईघरात विचारून इथे आलो. तिला वर काढलंत त्या तुम्हीच ना? मी तिचा भाऊ."

तिनं मान हलवली. बसा म्हणायला तिला सुचलं नाही.

"उपकार झाले तुमचे. बाकी सगळे गाणं ऐकत होते." मग त्यानं स्वतःच्याच उजव्या बरगडीवर हात ठेवला. "डॉक्टर म्हणाले, छाती दबून गेली. पण उजव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडल्यात, त्या गर्दीनं नाही. कोणीतरी मारलंय. एकाच जागी, दोनदा. तुम्ही जवळ होतात. बघितलंत का, कोणी मारलं ते?"

मास्तरांनी खडू खिशात घातला. न्हाव्यानं आरशाकडे तोंड केलं. खुर्चीतली भाची हलली, आणि ती बोलायच्या आत कोपरवाली उठली.

"मीच मारलं," ती म्हणाली. "आधी मारलं, मग काढलं."

पत्रेवाल्याला ते समजायला एक क्षण लागला. मग त्याचा पहिला ठोसा तिच्या जबड्यावर बसला. ती फळीवर आदळली, बाटल्या फुटल्या, सगळीकडे तेलाचा वास सुटला. ती पुन्हा उभी राहिली. दुसरा भुवईवर, जुन्या टाक्यांवर. डोळ्यात रक्त उतरलं. तिसऱ्याला ती गुडघ्यावर आली. मास्तर पुढे झाले तसं तिनं रक्त थुंकून त्यांना बजावलं, "कोणी मध्ये पडायचं नाही." तिचे दोन्ही हात बाजूला लोंबत होते. ते वर येऊ नयेत म्हणून ती मुठीत स्वतःचा पदर आवळून होती. मारणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो थांबत नव्हता. मार खाताना तिला बरंच वाटत होतं, कारण प्रत्येक ठोशागणिक पोरगी सुटत होती.

"मारणारी आत्या नव्हती," भाची म्हणाली.

"गप्प बस," कोपरवाली जमिनीवरून ओरडली.

"मी होते. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता."

पत्रेवाल्याचा उगारलेला हात तसाच राहिला. भाची खुर्चीतून उतरून त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली होती, खडूच्या बेचक्यात पाय देऊन, मार खायला तयार. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिचं वय त्याला दिसलं असावं. हात खाली आला, आणि तो बाकावर असा बसला की आता त्याला उठवायला दोघं लागतील.

"काय म्हणाली ती?" त्यानं विचारलं. "शेवटचं काही बोलली असेल ना."

कोपरवालीनं जमिनीवरूनच भाचीकडे मान हलवली, नको म्हणून.

"म्हणाली, ताई, मला श्वास घेता येत नाही," भाची म्हणाली. "मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात."